सेमिस्टरला जाताना घेतलेलं ट्रॅव्हल ई-सिम: पहिल्या आठवड्याला झकास, सेमिस्टरला नाही

एका सेमिस्टरसाठी परदेशात आलेय आणि निघायच्या आधी घाईघाईत एक ट्रॅव्हल ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) घेतलं होतं, १० जीबी, ३० दिवस, फक्त डेटा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खालच्या निम्म्या तक्रारी माझ्याच न वाचण्यामुळे झाल्यात आणि उरलेल्या असल्या बऱ्याच डेटावाल्या ई-सिमला लागू होतील.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. विमान रात्री उशिरा उतरलं, सिमकार्डाचे काउंटर सगळे बंद, आणि विमानतळाचं फुकट वायफाय म्हणतंय मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल. कुठे येईल बाबा, नंबर घ्यायलाच तर नेट पाहिजे! माझ्या शेजारी एक मुलगा दोन मोठ्या बॅगा घेऊन तेच पान परत परत रिफ्रेश करत होता. माझं नेट बॅगा पट्ट्यावर यायच्या आत सुरू झालं. आणि ते झालं नसतं तर माझी वाटच लागली असती, कारण खोलीच्या दाराचा कोड ज्या मेलमध्ये होता तो मी ना डाउनलोड केला होता ना त्याचा स्क्रीनशॉट काढला होता. त्या एका रात्रीसाठी पैसे वसूल असं मी आजही म्हणेन. (कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. फुकट असतो.)

सेटअप सोपा आहे पण दोनतीन ठिकाणी पाय अडकतो. एक म्हणजे घ्यायच्या आधीच *#०६# डायल करून बघा, आयएमईआयच्या (फोनचा ओळख नंबर) बरोबर ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोन ई-सिम घेतो, आणि फोन एखाद्या कंपनीला लॉक नाहीये ना हेही तपासा. दुसरं, क्यूआर कोड मेलवर येतो आणि मेल उघडतो त्याच फोनवर, मग स्कॅन कशाने करणार? मी लॅपटॉपवर उघडला. आता काही फोनमध्ये फोटोवरूनही होतं म्हणे, माझ्यात नाही झालं. तिसरं म्हणजे दिवस कधीपासून मोजतात ते. काहींचे ३० दिवस ई-सिम फोनमध्ये टाकलं की सुरू, काहींचे तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा लागलं की. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं म्हणून दोन दिवस आधी घरच्या वायफायवर निवांत टाकून ठेवलं. तुम्हीही घरूनच टाका, विमानतळावर उतरून टाकायचं तर त्यालाही नेटच लागतं.

आणि हो, रोमिंगचा घोळ. घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं नाहीतर बिल बघून चक्कर येईल, हे सगळेच सांगतात. पण ई-सिमचं डेटा रोमिंग चालू करावं लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे ई-सिम बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तुम्ही उतरलात तिथेही ते पाहुणंच असतं. ते बटण बंद असलं की वर नेटवर्कच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र शून्य. पट्ट्याजवळ उभी राहून मी दोनदा फोन बंद-चालू केला आणि मग हे सुचलं.

आता मूळ दुखणं. नंबर नाही. फक्त डेटा म्हणजे फक्त डेटा, ना कॉल ना एसएमएस. फिरायला आलेल्या माणसाला काही फरक पडत नाही, व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर चालूच राहतं, घरच्यांशी बोलणं त्याच्यावरच. पण शिकायला आलेल्या माणसाचा पहिला आठवडा म्हणजे फॉर्मच फॉर्म. बँकेत खातं उघडायला गेले, इथला नंबर द्या. डॉक्टरकडे नाव नोंदवायला, नंबर द्या. पार्सलवाला खाली उभा राहून कुणाला फोन करणार, मी जुना नंबर दिला होता, पार्सल परत गेलं. शेवटी सहाव्या दिवशी इथलं सिम घेतलं, त्यालाही पासपोर्ट लागला, आणि मग सगळीकडे जाऊन तोच फॉर्म पुन्हा भरला. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर निदान चार चकरा वाचल्या असत्या.

घरचं सिम मात्र बंद करू नका, घरच्या बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. रोमिंगमध्ये एसएमएस येतो का आणि त्याचे पैसे पडतात का हे निघायच्या आधी तुमच्या कंपनीला विचारा, तिथे पोचल्यावर विचारायला कस्टमर केअरला लावलेला फोनही रोमिंगचाच असतो.

दुसरी एक गंमत जी मला आधी कळलीच नाही. ई-सिमचं नेट फिरून दुसऱ्या देशातून जात असल्यामुळे वेबसाइटला मी तिसरीकडेच बसलेय असं वाटायचं. मॅप बरोबर दाखवायचा कारण तो जीपीएसवर चालतो, पण बाकी साइट भलत्याच भाषेत उघडायच्या, आणि युनिव्हर्सिटीच्या पोर्टलने तर संशयास्पद लॉगिन म्हणून माझं खातंच लॉक केलं, तेही कोर्स निवडायच्या दिवशी. आयटीवाल्यांनी दहा मिनिटांत उघडून दिलं, पण त्या दहा मिनिटांत घाम फुटला. व्हिडिओ कॉलही जरा अडखळत चालायचे, डेटा एवढा वळसा घालून येणार म्हटल्यावर होणारच ते.

१० जीबी किती पुरतं? फोनपुरतं महिनाभर आरामात. पण खोलीतलं वायफाय सुरू व्हायला आठवडा लागला, मी लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला आणि त्याने रात्रीत अपडेट उतरवून घेतलं, वर फोटोंचं बॅकअप. नवव्या दिवशी ई-सिम आटपलं! लॅपटॉपमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा मोजून वापरायचाय असं) करून ठेवा, एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

सपोर्ट ठीकठाक. जागा मोकळी करायची म्हणून मी संपलेलं ई-सिम डिलीट केलं आणि दोन दिवसांनी त्याच्यावरच टॉप-अप मारला, हा गाढवपणा माझाच. क्यूआर बहुतेक वेळा एकदाच चालतो, माझा पुन्हा स्कॅन झाला नाही. चॅटवर आधी तेच तेच छापील उत्तर, मग कुणीतरी खरं माणूस आलं आणि दुसऱ्या दिवशी नवा क्यूआर पाठवला. भांडावं लागलं नाही, पण दिवस गेला.

तर, पाचपैकी साडेतीन. घ्या, पण सगळ्यात लहान पॅक घ्या, ७ दिवसांचं मिळालं तर तेच, आणि त्या सात दिवसांत इथला नंबर घेऊन टाका. माझ्या टॉप-अपमधले ३ जीबी अजून पडून आहेत, सुट्टीत शेजारच्या देशात जायचं चाललंय तेव्हा संपवीन, मुदत उरली असेल तर.