सोर्स हान सेरिफ : इंग्रजी आणि चिनी मजकूर एकाच पानावर जुळवताना

इंग्रजी आणि चिनी मजकूर एकाच पानावर जुळवायचा असेल आणि फॉन्टसाठी वेगळा खर्च करायचा नसेल, तर सोर्स हान सेरिफइतका भरवशाचा पर्याय आज दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्या मूळ मांडणीवर सगळे सोपवून चालत नाही. अडोबी आणि गुगल यांनी मिळून हा फॉन्टसंच एप्रिल २०१७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. गुगल तोच संच नोटो सेरिफ सीजेके या नावाने देते. परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा असल्यामुळे विक्रीच्या पुस्तकातही तो निर्धास्तपणे वापरता येतो. अक्षरांच्या सात जाड्या मिळतात.

चिनी अक्षरांचे वळण सोंग परंपरेतले आहे : उभ्या रेषा भरीव, आडव्या रेषा बारीक आणि प्रत्येक आडव्या रेषेच्या उजव्या टोकाला छोटासा त्रिकोण. अडोबीच्या रियोको निशिझुका यांनी या चिन्हांचे मूळ रेखाटन केले आणि त्यांचा हात पानभर जाणवतो. वीसेक रेषांचे दाट चिन्ह आणि दोन रेषांचे विरळ चिन्ह शेजारी आले तरी पानाचा करडेपणा, म्हणजे दुरून दिसणारी शाईची छटा, एकसारखा राहतो, आणि दीर्घ वाचनासाठी फॉन्टकडून हीच अपेक्षा असते. बारीक आडव्या रेषा साध्या कागदावर किंवा लेझर छपाईत पुसट होतात, तेव्हा नेहमीच्या जाडीऐवजी तिच्या पुढची मीडियम जाडी घ्यावी.

खरी काळजी घ्यावी लागते ती प्रदेशभेदाची. युनिकोडने चीन, तैवान, जपान आणि कोरिया येथील सामाईक चिन्हांना एकच क्रमांक दिला आहे, पण ती लिहिण्याची रीत सगळीकडे सारखी नाही. ‘हाड’ या अर्थाचे चिन्ह पाहावे. त्याच्या वरच्या चौकटीतला छोटा कोपरा मुख्यभूमी चीनच्या लेखनात डावीकडे असतो, तर तैवान आणि जपानच्या लेखनात उजवीकडे. मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटू नये, कारण मराठी वळणाचे आणि हिंदी वळणाचे ‘ल’ व ‘श’ यांचेही युनिकोड क्रमांक एकच आहेत, आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे फॉन्टला सांगितले नाही तर मराठी पुस्तकात हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. सोर्स हान सेरिफमध्ये शेवटी कोणतीही अक्षरे न जोडलेले साधे नाव जपानी रूपाचे आहे. मुख्यभूमीच्या सरलीकृत लिपीसाठी नावापुढे एससी, तैवानसाठी टीसी आणि हाँगकाँगसाठी एचसी असलेली आवृत्ती निवडावी लागते. हाँगकाँगची रूपे २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. निवड चुकली तरी संगणक कोणतीही सूचना देत नाही. मजकूर वाचताही येतो, पण चिनी वाचकाला पानोपानी काहीतरी खटकत राहते.

या फॉन्टमध्ये रोमन अक्षरेही आहेत आणि ती अडोबीच्याच सोर्स सेरिफवरून घेतलेली आहेत. शीर्षकातल्या एखाद्या इंग्रजी शब्दापुरती ती ठीक आहेत. इंग्रजी परिच्छेदांसाठी मात्र ती वापरू नयेत, कारण त्यांना तिरके रूप नाही, आणि इंग्रजीत ग्रंथनामे व जोर द्यायचे शब्द तिरक्या अक्षरांशिवाय नीट मांडता येत नाहीत. म्हणून इंग्रजीसाठी मूळ सोर्स सेरिफ वेगळा बसवावा. झीलाटेक ही आज्ञा लिहून पाने जुळवण्याची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना हे फार सोपे आहे : फॉन्टस्पेक या पॅकेजने, म्हणजे तिच्या जोडसाधनाने, रोमन फॉन्ट नेमावा आणि झीसीजेके या पॅकेजने चिनी फॉन्ट, म्हणजे कोणते अक्षर कोणत्या फॉन्टमधून घ्यायचे हे पॅकेज स्वतःच ठरवते. चिनी आणि रोमन अक्षरे शेजारी आली की मध्ये थोडी जागा सोडणे, ओळीच्या सुरुवातीला स्वल्पविराम येऊ न देणे, लागोपाठ आलेल्या विरामचिन्हांमधली पोकळी कमी करणे, हे सगळे तेच पॅकेज सांभाळते. या जोडीचे काम पाहून मला दर वेळी समाधान वाटते.

अवतरणचिन्हांकडे मात्र स्वतः लक्ष द्यावे लागते. वळणदार अवतरणचिन्हे, लांब रेघ आणि लोपचिन्हाचे ठिपके इंग्रजीत व चिनीत त्याच युनिकोड क्रमांकांचे असतात, आणि झीसीजेके त्यांना चिनी मानून पूर्ण रुंदीची जागा देते. वर्डमधून आणलेल्या इंग्रजी वाक्यातल्या ‘डोन्ट’ या शब्दात ‘एन’ आणि ‘टी’ यांच्यामध्ये मोठे भगदाड पडते ते यामुळेच. इंग्रजी परिच्छेदात कळफलकावरची साधी चिन्हे (सुरुवातीला ` आणि शेवटी ') टंकित करून त्यांचे वळणदार रूप फॉन्टस्पेकवर सोपवले, की ही खोट दिसत नाही. मजकूर जुळणीला घेण्याआधीच हा शोध-बदल करून टाकावा. प्रुफात एकेक भगदाड हुडकणे जिकिरीचे आहे.

चिनी मजकुरात तिरके अक्षर ही कल्पनाच नाही. ग्रंथनामासाठी दुहेरी कोनी कंस वापरतात, आणि मजकुराचा एखादा भाग वेगळा दाखवायचा असेल तर ‘काय’ या चिनी नावाचे, कुंचल्याच्या लेखनासारखे वळण घेतात. सोर्स हान संचात हे वळण नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. टेक लाइव्ह या झीलाटेकच्या वितरणसंचाबरोबर येणारा ‘फांडोल काय’ हा फॉन्ट तिथे नेमता येतो, पण त्यात चिन्हे कमी आहेत. एलएक्सजीडब्ल्यू वेनकाय हा खुला फॉन्ट त्याहून समृद्ध आहे आणि माझी पसंती त्यालाच आहे. संगणकाकडून चिनी अक्षरे नुसती कलती करून घेणे कटाक्षाने टाळावे. ते ओबडधोबड दिसते.

वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये हा फॉन्ट लावताच ओळी एकदम लांब लांब जातात. फॉन्टमध्ये नोंदवलेली उंची अक्षराच्या आकाराच्या जवळजवळ दीडपट असल्यामुळे हे घडते. ओळींमधले अंतर ‘एकेरी’ न ठेवता नेमक्या पॉइंटांत दिले की प्रश्न मिटतो. एकेका जाडीची फाइल मोठी आहे, पण पीडीएफमध्ये वापरलेलीच अक्षरे जात असल्याने त्याची चिंता नको.

एका फॉन्टफाइलमध्ये ६५,५३५ पेक्षा अधिक अक्षराकृती मावत नाहीत आणि इथे ती मर्यादा पूर्ण वापरलेली आहे. युनिकोडमधली हान चिन्हे ९० हजारांहून अधिक असल्यामुळे जुन्या ग्रंथांतली किंवा व्यक्तिनामांतली एखादी दुर्मिळ खूण सापडणार नाही. झीलाटेकचे मूळ इंजिन झीटेक अशा वेळी काम थांबवत नाही, फक्त त्याची नोंद करते. २०२१ पासूनच्या टेक लाइव्हमध्ये ‘ट्रेसिंग लॉस्ट कॅरॅक्टर्स’ या आज्ञेचे मूल्य ३ ठेवले, तर अशा प्रत्येक ठिकाणी चूक दाखवली जाते, नामसूची असलेल्या पुस्तकासाठी ते पहिल्याच दिवशी करून ठेवावे.