300 चिप्सची पोकर पेटी: बेट किती लावायची ते शिकण्यासाठी

नागपूरला बर्डीवर खेळाच्या सामानात ॲल्युमिनियमच्या पेटीतला 300 चिप्सचा संच मिळतो. 100 पांढऱ्या, बाकी चार रंगांच्या 50-50, चिप 11.5 ग्रॅमची, आत धातूची चकती. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायची ॲप्स बंद झाली. बिनपैशाचा सराव करायला मात्र ही पेटी फार कामाची आहे.

सहा जणांत वाटताना पांढरी 5 ची, लाल 20 ची, हिरवी 100 ची धरा. प्रत्येकी 12 पांढऱ्या, 7 लाल, 8 हिरव्या दिल्या की 1000 होतात. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या बेट, 5 आणि 10 ठेवा.

आपल्याकडे बहुतेकांचा हात तिनपत्तीवर बसलेला. तिथे चाल आधीच्या चालीवरून ठरते, पोकरमध्ये बेट पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) बघून लावायची. चिप्स टेबलावर आल्या की हे लगेच डोक्यात बसतं. बटणवाल्याने (वाटणाऱ्याच्या जागेवरच्याने) 30 केले, मोठ्या ब्लाइंडने कॉल दिला (तेवढेच लावले), लहान ब्लाइंडने पत्ते टाकले: पॉट 65. फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत) दोन बदाम, तुमच्याकडे मोठी जोडी. तुम्ही 20 लावले तर समोरच्याला कॉल परवडायला जिंकण्याची 19 टक्के शक्यता पुरते. त्याच्या हातात दोन बदाम असतील तर पुढच्याच पत्त्यावर फ्लश (इथे पाच बदाम) लागायची शक्यता 47 पैकी 9, म्हणजे तेवढीच! तो खुशाल बसून राहील. 45 लावा, आता त्याला 29 टक्के लागतात.

ब्लफचाही (हलक्या पत्त्यांवर बेट लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावण्याचा) हिशोब पॉटवरच. पॉटच्या निम्मी बेट तीनदा लावून एकदा चालली तरी बरोबरी होते. पॉटएवढी लावली तर दोनदा लावून एकदा चालायलाच हवी. पत्ते चांगले असताना मोठी आणि ब्लफ करताना छोटी, असं मात्र करू नका, दोन-चार डावांत सगळ्यांना कळतं.

चिप्स एकाच झटक्यात पुढे सरकवा, नाहीतर आधी आकडा बोला. समोर बेट असताना न बोलता 100 ची एकच चिप टाकली तर तो कॉलच धरतात, रेझ (बेट वाढवणं) नाही. नव्या माणसांचे वाद इथेच होतात.

आता खोट. चिपवरचे आकडे स्टिकरचे असतात. मे महिन्यात पेटी गाडीच्या डिकीत राहिली की गोंद सुटतो. पिवळ्या बल्बखाली निळी आणि काळी चिप ओळखू येत नाही, म्हणून वरच्या वाटणीत त्या घेतल्याच नाहीत. सोबतचे कागदी पत्ते कुलरच्या दमट हवेत फुगतात आणि पिसताना अडकतात. प्लास्टिकची गड्डी वेगळी घ्या, आणि कुलरचं तोंड टेबलावरून वळवा, नाहीतर पत्ते उडतात.