1995 ची सिएरा डिझेल: पंधरा महिने, एक पावसाळा आणि 91 मीटर रबर

इंजिनाबद्दल वाचायला आला असाल तर ते खाली आहे, पण थोडंच आहे, कारण इंजिनानं मला फार त्रास दिलाच नाही. मला छळलं ते रबरानं. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना छपरापर्यंत वळत गेलेल्या मोठ्या काचा आहेत, त्यांच्या कडेला काळं बीडिंग असतं ना, ते. पंधरा महिन्यांत मी डिझेलपेक्षा जास्त विचार त्या रबराचा केलाय, आता घरात रबर हा शब्द काढला तरी बायको उठून आत जाते.

तर गाडी 1995 ची टाटा सिएरा, साधी डिझेल, टर्बो नाही. माझी पहिलीच गाडी, याआधी फक्त स्प्लेंडर. बजेट सहा लाखाचं होतं, शोरूममध्ये जाऊन दोन छोट्या गाड्या बघूनही आलो होतो, टोकन द्यायचं तेवढं राहिलं होतं. पण लहानपणी आमच्या गल्लीत एका डॉक्टरांकडं सिएरा होती, आम्ही पोरं क्रिकेट थांबवून त्या मोठ्या काचेला नाक लावून आत बघायचो, आणि 2024 च्या दिवाळीनंतर इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्या काकांच्या शेडमध्ये तशीच हिरवी सिएरा धूळ खात उभी दिसली, झालं, डोकं चालायचं बंद झालं. एमएच 09, पहिलाच मालक, कागद क्लिअर. काका दीड लाखावर अडून होते, चहा दोनदा झाला, 1,45,000 ला ठरलं.

वडील गाडीभोवती एक चक्कर मारून फक्त एवढंच म्हणाले, "इन्शुरन्स गाडीचा हाय का तुझ्या डोक्याचा?"

जुनी गाडी बघायला जाताना जे करायचं ते मी सगळं केलं होतं. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पूर्ण बॉडीवर फिरवलं, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी. काकांना आधीच फोन करून सांगितलेलं की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका, इंजिन थंडच पाहिजे. इंजिन तापवणाऱ्या हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारला, दुसऱ्या झटक्यात चालू, पहिला काळा धूर आणि मग निळसर. निळसर म्हणजे ऑइल जळतंय हे मला यूट्यूबनं शिकवलं होतं, त्यावर दहा हजार कमी करा म्हणून बघितलं, निम्मेच झाले. पण काचेच्या कडेला बोट लावून रबर दाबून बघितलं नाही. नोव्हेंबरात ऊन पडलेलं असताना कोण बघतं.

इंजिन. 483 डीएल, म्हणजे 4 सिलिंडर आणि 83 मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 1948 सीसी. हेच इंजिन सुमोत आणि टाटामोबाइल पिकअपमध्ये पण आलं, त्यामुळं कोल्हापुरात उद्यमनगरला कुठल्याही गल्लीत उभं राहून नुसतं "सुमोचं सामान" म्हणायचं, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, हीटर प्लग सगळं समोर येतं. आमचे मिस्त्री, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी बोअर मोजला, अजून स्लीव्हची, म्हणजे सिलिंडरला आतून नव्या अस्तराची गरज नाही म्हणाले, रिंगा बदलल्या, हेड फेस करून आणलं, पंप-नोझल वेगळ्या पंपवाल्याकडं दिलं. एकूण 62,000, त्यात पंप-नोझलचेच 11,500. अल्टरनेटरच्या मागं ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप असतो, त्यातून ऑइल गळत होतं आणि ब्रेक दगडासारखा लागत होता, ते सील बदलल्यावर ब्रेक एकदम मऊ झाला. ही गाडी घेणाऱ्यानं ब्रेक जड लागला की आधी बूस्टर बदलायला धावू नका, हा पंप बघा, मामांनी माझे चार हजार तरी वाचवले तिथं.

पीयूसीला पहिल्यांदा धुराचा आकडा आला 78, या जुन्या डिझेलला मर्यादा 65 आहे. नोझल केल्यावर 41. मी त्या पावतीचा फोटो स्टेटसला ठेवला होता, लोकांना वाटलं पोरगं झालं की काय.

चालवायला कशी? सत्तर घोडेसुद्धा नाहीत आणि वजन भरपूर, त्यामुळं ओव्हरटेकचा विचार आधल्या गावापासून करायला लागतो. हायवेला 80 ला मस्त, 95 च्या पुढं गेली की आवाज एवढा की गाणं बंद करून इंजिनच ऐकायचं. खंबाटकी चढताना एसी बंद. एसी बंद केला की मागचे उकडतात, कारण मागची काच उघडतच नाही, सुंदर आहे पण उघडत नाही, दुपारी बाराला मागं बसलेल्या माणसाचा पापड होतो. मागच्या सीटला वेगळं दार नाही, त्यामुळं आईला मागं बसवायचं म्हणजे पुढची सीट पाडून तिनं वाकून आत जायचं, पहिल्या वेळी गेली, दुसऱ्या वेळी म्हणाली मी एसटीनं येते. आता आई पुढं आणि बायको मागं, यावर घरात जे काय झालं ते इथं नको. मायलेज टाकी टू टाकी मोजून 11.8 ते 12.4, डिझेल नव्वदच्या वर गेलेलं, हिशोब तुम्हीच करा.

आता मुद्द्यावर येतो.

2025 ला पाऊस मे मध्येच आला, आठवत असेल. मे च्या शेवटी सावंतवाडीला लग्नाला निघालो, आंबोली उतरताना मागून बायको म्हणाली, माझा खांदा ओला होतोय. मी म्हटलं एसीचं पाणी असेल. एसीचं पाणी छपरातून येत नसतं हे मला पण माहीत होतं पण घाटात धुक्यात गाडी चालवताना माणूस काहीही बोलतो. खाली उतरून बघितलं तर डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक धार आणि उजव्या बाजूनं थेंब थेंब. सीट भिजली, नवी कार्पेट भिजली, पैठणी भिजली. पैठणीचं ड्रायक्लीन या हिशोबात धरलेलं नाही.

घरी आल्यावर कार्पेट उचललं तर मागच्या फ्लोअरचा पत्रा कुजायला लागलेला, बोटानं ढकलला तर पापुद्रा निघाला. म्हणजे गळती आजची नाही, वर्षानुवर्षांची. फेब्रुवारीत 48,000 टिंकरिंगला, म्हणजे पत्र्याच्या कामाला, आणि 55,000 रंगाला घालवले होते, तेव्हा बाहेरून सगळं चकाचक केलं आणि आत हे तसंच.

पहिला उपाय, काचेच्या कडेनं सिलिकॉन, 1200 रुपये. आठ दिवस टिकलं. दुसरा उपाय, बसबॉडीवाल्यांकडं मिळतं ते जाड बीडिंग, 2400 रुपये. गाडीच्या काचा बसवणाऱ्या एका दुकानात नेली, त्यानं जुनं रबर कापून काढलं, नवं घातलं, काच आत ढकलताना दोरीनं ओढायच्या ऐवजी गुडघा लावला. टक् आवाज आला. सिएराची मागची काच म्हणजे काय चीज आहे हे ज्याला माहितीय त्यालाच तो आवाज कळेल. मी दहा सेकंद काही बोललो नाही. मग तो म्हणतो, काच जुनी होती साहेब, कधी ना कधी जाणारच होती. आणि वर मजुरीचे 1500 मागितले! दोन तास भांडलो, शेजारच्या टायरवाल्यानं मध्यस्थी केली, मजुरी दिली नाही एवढाच विजय. गाडी प्लास्टिकचा कागद चिकटवून घरी आणली.

मग काच शोधायला लागलो. पिस्टन कुठं मिळेल विचारा, पन्नास माणसं सांगतील, ही डावी काच विचारली की लोक हसतात. शेवटी कुर्ल्याला भंगाराच्या एका गाळ्यात सापडली, एका कोपऱ्याला ओरखडा असलेली, 8500, एक पैसा कमी नाही कारण माझ्या तोंडावरूनच त्याला कळलं होतं. ती वळणदार काच दोन गोधड्यांत गुंडाळून महालक्ष्मी एक्सप्रेसनं आणली, खालचा बर्थ काचेला दिला आणि मी कडेला बसून, टीसीनं विचारलं काय आहे, म्हटलं देवाची मखर आहे. कराडपर्यंत डोळा मिटला नाही.

तिसरा उपाय. भोसरीला एक रबर प्रोफाइल बनवणारे आहेत, त्यांच्याकडं जुन्या बीडिंगचा तुकडा नेला, त्यांच्या एका डायचं माप जवळपास तंतोतंत निघालं. पण मिनिमम ऑर्डर 100 मीटर. मला दोन्ही काचांना मिळून 7 मीटर पुरे, वाया जाणारं धरून 9. म्हटलं 20 मीटर द्या, नाही. 50 द्या, नाही. 145 रुपये मीटरनं 14,500 मोजले आणि रबराचं भेंडोळं गाडीत टाकून आलो. यावेळी काच मामांनी बसवली, साबणाचं पाणी, बीडिंगच्या खाचेत नायलॉनची दोरी, एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत न्यायची, पाऊण तास लागला, बाळाला झबलं घालावं तसं बसवलं.

एकूण 26,600, मजुरी आणि प्रवास सोडून. एका काचेच्या कडेसाठी.

इथपर्यंतचं मी ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की या गाडीत मूळ दोष असा काही नाही, म्हातारं रबर हाच दोष, ते बदला आणि बिनधास्त घ्या. ते वाक्य खोडलंय. गणपतीत पुन्हा पाऊस झाला, डावी बाजू कोरडी ठणठणीत आणि उजवीकडून थेंब चालूच. मी सरळ गाडी विकायची जाहिरात टाइप करायला घेतली होती.

त्याच वेळी घराच्या स्लॅबला वॉटरप्रूफिंगवाले आलेले. त्यातले एक काका तंबाखू मळत गाडीपाशी आले, म्हणाले पावडर हाय का घरात? अंगाला लावायची पावडर. छताचं आतलं कापड सोडवून त्यांनी उजव्या बाजूच्या पत्र्यावर आतून पावडर मारली, मला वरून पाइपनं हळूहळू पाणी सोडायला सांगितलं, खालून वर, एकदम वरून नाही. काचेच्या कडेला पाणी सोडलं, पावडर कोरडी. थोडं वर, कोरडी. छपराच्या कडेला सोडलं आणि पावडरीत एक काळी रेघ सरसर उतरली. काचेपासून वीतभर पुढं, छपरात एक भोक. इचलकरंजीच्या काकांनी कधीतरी कॅरिअर बसवलं असणार, नंतर काढलं, आणि माझ्या रंगाऱ्यानं ते भोक वेल्डिंग न करता पुट्टीनं भरून वर झकास हिरवा मारला होता. पुट्टी तडकली. पाणी तिथून शिरून पत्र्याच्या आतल्या कडेनं वाहत काचेच्या कोपऱ्यात येऊन टपकायचं, म्हणून मला रबर दोषी वाटत होतं.

भोक वेल्डिंग करून टचअप, 900 रुपये. वॉटरप्रूफिंगवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत, पावडरचा डबा मात्र घेऊन गेले.

म्हणजे डावीकडं खरंच रबर गेलेलं होतं, उजवीकडं रबर ठीक होतं आणि मी ते कापून फेकून दिलं. रंगाऱ्याला फोटो पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.

त्यामुळं मत असं की इंजिनाला घाबरून ही गाडी सोडू नका, घाबरायचं तर पत्रा, काच आणि रबराला घाबरा. बघायला जाताना यूट्यूब कमी बघा आणि पाण्याचा पाइप आणि पावडर घेऊन जा, मालक वेडा म्हणेल, म्हणू दे. दोन्ही मोठ्या काचा शाबूत नसतील तर गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

कागदाचं थोडक्यात. एप्रिल 2025 ला रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, फी 5000, वर पर्यावरण कर वेगळा. ऑगस्टमध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांची तीच फी 10,000 झाली, या सगळ्या प्रकरणात नशिबानं साथ दिली ती इथंच. दिल्लीत असतो तर डिझेलच्या 10 वर्षांच्या नियमात ही गाडी केव्हाच गेली असती. विंटेजचा वेगळा नंबर मिळतो का म्हणून एकानं विचारलं, त्याला 50 वर्षं लागतात, माझी 2045 ला. तोपर्यंत गाडी राहील, माझं काय माहीत नाही.

आणि हो, नवीन सिएरा आल्यापासून पेट्रोल पंपावर रोज एकजण विचारतो, ही जुनी का नवीन? स्टेपनी मागच्या दाराला लटकलीय, दारं तीन आहेत, तरी विचारतात. वडील हल्ली शेजारी बसलेले असतील तर खिडकी खाली करून तेच उत्तर देतात, "ओरिजिनल हाय." पावणेचार लाखांच्या वर गेलेला आकडा त्यांना अजून पूर्ण सांगितलेला नाही, हे वाचणाऱ्यांनी पण सांगू नका.

माळ्यावर 91 मीटर बीडिंग पडून आहे. सिएरा किंवा टाटाच्याच जुन्या इस्टेटवाल्या कुणाला माप जुळत असेल तर आधी अर्धा फूट तुकडा सॅम्पल म्हणून फुकट देतो, लावून बघा. मला मीटर 145 ला पडलंय, 150 ला देईन, वरचे पाच रुपये महालक्ष्मीच्या तिकिटाचे. आणि घ्यायच्या आधी छपराला भोक आहे का बघा, मग मागा.