थुंकी न गिळणारं मूल: आधी दार कोणाचं ठोठावायचं?

चार वर्षांचं मूल गाल फुगवून बसलंय, विचारलं तर ‘उंऽ’ एवढंच, आणि दर दोन-तीन मिनिटांनी बेसिनकडे पळतंय नाहीतर शर्टाच्या बाहीला तोंड पुसतंय. डॉक्टरांना आपण सांगतो, ‘लाळ गळते.’ घोटाळा तिथेच होतो. लाळ गळणाऱ्या मुलाला ती साठल्याचं कळतच नाही. ओठ उघडे, हनुवटी ओली. दीड-दोन वर्षांपर्यंत हे चालायचंच. चौथ्या वर्षानंतरही जागेपणी गळत असेल तर तपासणी हवी. लाळ न गिळणाऱ्याला मात्र ती नको इतकी जाणवते. हा लेख या दुसऱ्या मुलाबद्दल आहे.

त्याआधी तातडीचं. हे काही तासांत अचानक सुरू झालं असेल आणि सोबत ताप, आखडलेली मान, दबका आवाज किंवा श्वासाला घरघर असेल, तर थेट रुग्णालय गाठा. चमच्याने जीभ दाबून घसा पाहू नका, त्याने श्वास अडकू शकतो. घरातली एखादी बटण-बॅटरी सापडत नसेल तरीही तसंच: ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा करते.

त्रास बरेच दिवस चाललेला असेल तर दार ठरवायच्या आधी तीन दिवस दोन गोष्टी पाहा. एक, झोपेत उशी ओली होते का, आणि कार्टूनमध्ये गुंग असताना मूल आवंढा गिळतं का? गळ्याची मधली घाटी वर जाऊन खाली येते, ते बाजूने दिसतं. दोन, पोळी-भाजी आणि पाणी कसं उतरतं? उशी कोरडी, वरण-भात व्यवस्थित आणि फक्त थुंकीच नको, तर गिळण्याची यंत्रणा बहुधा ठीक आहे. लक्ष तिकडे गेलं की अडतं. जेवणातही घास घोळवणं, ठसका किंवा पाण्याचा घोट घेऊन घास ढकलणं दिसत असेल, तर गोष्ट वेगळी.

कान-नाक-घसा तज्ज्ञ. गिळताना दुखतं, मूल घोरतं किंवा तोंडाने श्वास घेतं, वारंवार टॉन्सिल सुजतात, तर पहिलं दार हेच. नाक बंद असलं की श्वास आणि गिळणं यांची ओढाताण होते आणि लाळ तोंडात राहते. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ असते. त्यातले फोड साधारण सात ते दहा दिवसांत बरे होतात, पण दुखण्याची धास्ती महिनाभर मागे राहू शकते. कोरडा घास अडकण्याची तक्रार असेल तर इथून बालपोटविकार तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा, कारण कधीकधी अन्ननलिकेलाच सूज असते. या दाराची मर्यादा अशी की ‘घसा स्वच्छ आहे’ इतकं कळतं, पुढे काय करायचं ते कळेलच असं नाही. किडलेली दाढ तेवढी दंतवैद्याकडून पाहून घ्या.

स्पीच थेरपिस्ट. जेवताना ठसका, चावायला आळस, अस्पष्ट बोलणं किंवा ठरावीक पोताचंच अन्न खाणं असेल तर हे दार. थेरपिस्ट ओठ मिटणं, जिभेची हालचाल आणि गिळण्याची लय तपासतात. भारतीय पुनर्वास परिषदेची (थेरपिस्टांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, हे आधी विचारा. फक्त फुंकर मारण्याच्या आणि गाल फुगवण्याच्या व्यायामांवर महिने घालवू नका. गिळणं सुधारतं ते गिळूनच.

बाल मानसोपचार. खाणं छान, झोप छान, आणि मूल म्हणतं ‘थुंकी घाण आहे’, ‘पोटात जंतू जातील’, किंवा एकदा घास अडकल्यापासून हे सुरू झालंय, तर आम्ही याच दाराला पहिली पसंती देऊ. याचं मूळ कधी अगदी साधं असतं: दात घासताना ‘गिळू नको, थुंक’ हे रोज ऐकलेलं मूल तो नियम दिवसभराला लावतं. (पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. मग थुंकण्याचा आरडाओरडा लागत नाही.) उपचार पायऱ्यांनी होतो. थुंकण्याआधी दहा आकडे मोजायचे, काही दिवसांनी वीस. मग थुंकीसोबत पाच मिलिलिटर पाण्याचा घोट. मग नुसता आवंढा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, खेळ म्हणून. बिघडतं ते घरच्यांमुळे: सोयीसाठी हातात नॅपकीन किंवा वाटी देणं, ‘घाण नसते गं’ असं दिवसातून वीसदा समजावणं, नाहीतर ‘गिळ म्हणतेय ना!’ म्हणून ओरडणं. तिन्हींनी लक्ष पुन्हा थुंकीवरच येतं. वाटी एका झटक्यात काढू नका; आधी ती खोलीबाहेर ठेवा.

लाळ कमी करणाऱ्या औषधांचा मोह टाळा. ती लाळ गळणाऱ्यांसाठी, विशेषतः सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या) मुलांसाठी असतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, घामही कमी येतो, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये ते महागात पडतं.

पुण्यात कुठे? ससूनमध्ये बालरोग, कान-नाक-घसा आणि मानसोपचार एकाच आवारात आहेत, म्हणून कोणतं दार ते नक्की नसेल तर तिथे एकच फेरी पुरू शकते. सकाळी लवकर जा. धनकवडीला भारती विद्यापीठात वाचा-श्रवण शिक्षणाचं महाविद्यालय आहे, गिळण्याच्या प्रश्नासाठी तिथे विचारा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी होते; मूल अंगणवाडीत जात असेल तर ताईंना सांगून पुढची चिठ्ठी मिळते.

कुठेही गेलात तरी मोबाइलमध्ये दोन चित्रफिती असू द्या: एक जेवतानाची, एक मूल खेळण्यात गुंग असतानाची. डॉक्टरांच्या खोलीत मूल बहुतेक वेळा अगदी शहाण्यासारखं गिळतं.