परदेशी न्यायचा स्टीलचा कँडल फिल्टर: काम चोख, पण अर्धंच

सांगलीहून नोकरीसाठी केनिया-इथिओपियाला निघालेल्यानं सामानात भांड्यांच्या दुकानातला दोन मजली स्टीलचा फिल्टर जरूर टाकावा. वीज नको, पाणी वाया जात नाही, एक भांडं दुसऱ्यात बसतं आणि आत कपडेही कोंबता येतात. कँडल, म्हणजे पाणी गाळणारी आतली पांढरी मातीची नळी, मात्र पंच्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत. केसाएवढा तडा गेला तरी पाणी न गाळताच खाली उतरतं.

बहुतेकदा दुखणं वॉशरचं असतं. रबरी वॉशर वरच्या भांड्याच्या आतून, कँडलच्या बुडाशी बसतो. नट खालून हातानंच आवळायचा. पक्कड लावली की प्लॅस्टिकचे आटे गेलेच. मग कँडलची प्लॅस्टिकची बैठक जेमतेम बुडेल इतकंच पाणी वर घाला, पांढऱ्या भागाला लागू देऊ नका. दहा मिनिटांत खाली थेंब पडला तर वॉशर गळतोय. दुकानातच हे करून बघायला मागा, दुकानदार थोडा कुरकुरेल.

नवी कँडल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर छिद्रांत हवा अडकते, पाणी झिरपत नाही आणि लोक फिल्टरलाच नावं ठेवतात. पहिली दोन-तीन भांडी ओतून द्यायची. वेग मंदावला की मऊ ब्रशनं घासा, पण साबण नको. त्याची चव जाता जात नाही. कृष्णेला पूर आल्यावर करतो तसं गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर कँडल लगेच तुंबते.

आता उणीव. कँडल गाळ, जिवाणू आणि अमीबा अडवते. काविळीचा विषाणू आरपार जातो. म्हणून गाळलेलं पाणी खळखळा 1 मिनिट उकळा. 2000 मीटरच्या वरच्या आदिस अबाबात 3 मिनिटं, कारण तिथं ते 92 अंशांच्या आसपासच उकळतं. उकळणं जमत नसेल तर क्लोरीनची गोळी, पाकिटावरच्या मापानं, 30 मिनिटं झाकून. ती सगळं पाणी खाली उतरल्यावरच टाका. वर टाकली आणि कँडलमध्ये कोळसा असला तर तोच क्लोरीन खाऊन टाकतो.

केनिया-इथिओपियातून जाणाऱ्या रिफ्ट खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असू शकतं. तिथं कँडल आणि उकळी दोन्ही निरुपयोगी, उकळून तर ते आणखी दाटतं. पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरही वेगळं कळत नाही, प्रयोगशाळेतच तपासायचं. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर आरओ घ्या.

जादा दोन कँडल, चार वॉशर इथूनच बांधून न्या. तोटी स्टीलचीच मागा.