पेन्सिलीची रेघ आणि छत्तीस हजार

स्टँडजवळच्या एका लॉजवर दर पंधरा दिवसांनी उंची वाढवून देणारा एक माणूस येऊन बसायचा. कागल तालुक्यातल्या एका कुटुंबानं चार वर्षांच्या मुलाला त्याच्याकडे नेलं. मुलाला अकॉन्ड्रोप्लाझिया, म्हणजे हातपाय आखूड राहणारा जन्मजात खुजेपणा, आहे हे एक्स-रेवरून आधीच कळलं होतं. तीन महिन्यांच्या कोर्सचे बारा हजार, असे तीन कोर्स झाले. छत्तीस हजार गेले, तेही रोख. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर आकडा आणि सही, खाली ना नाव ना नोंदणी क्रमांक.

तरी घरचे नऊ महिने गप्प का राहिले? कारण भिंतीवरची रेघ खरंच वर सरकत होती. सहा महिन्यांत तीन सेंटिमीटर! सगळी फसवणूक या रेघेतच आहे.

अकॉन्ड्रोप्लाझियाचं मूल वाढत नाही, असा समज आहे. ते वाढतं, फक्त हळू. या वयात वर्षाला साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे सहा महिन्यांत दोन. ते दोन मुलाचेच. उरलेला एक मापातून काढलेला. पहिलं माप संध्याकाळी, एसटीचा प्रवास करून आलेल्या, रडणाऱ्या, गुडघे वाकवून उभ्या राहिलेल्या मुलाचं. दुसरं सकाळी, गुडघे दाबून, कंबर भिंतीला टेकवून. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळची उंची कुणाचीही थोडी जास्तच भरते. या मुलांच्या कमरेला तर मोठा बाक असतो. तो सरळ केला की माप लगेच वाढतं. आणखी लहान बाळ असेल तर हे लोक आधी उभं मोजतात आणि नंतर झोपवून. झोपवून घेतलेलं माप सुमारे 0.7 सेंटिमीटरनं जास्त येतंच.

म्हणून माप घरीच घ्या. खाली फरशीची पट्टी (स्कर्टिंग) नसलेली सपाट भिंत, पाय अनवाणी, टाचा भिंतीला. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायचं. दोन वर्षांखालचं मूल नेहमी झोपवून मोजायचं. वेळ दर खेपेला तीच, माप तीनदा, सरासरी वहीत. तीन महिन्यांच्या आत पुन्हा मोजू नका, मापातली चूकच वाढीपेक्षा मोठी निघते. नोंद अकॉन्ड्रोप्लाझियाच्या वेगळ्या तक्त्यावर करायला बालरोगतज्ज्ञांना सांगा. नेहमीच्या तक्त्यावर हे मूल कायम तळाशीच दिसतं आणि तो तक्ता दाखवून घाबरवणं सोपं जातं.

घाबरवण्याचं दुसरं हत्यार म्हणजे आई. त्या लॉजवरचा पहिला प्रश्न होता, “ग्रहणात काय चिरलं-कापलं होतं का, ताई?” घाबरलेली बाई भाव करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. खरं कारण म्हणजे एफजीएफआर३ या जनुकातला बदल. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या वाढपट्ट्या असतात, त्यांच्यावरचा ब्रेक या बदलामुळे दाबलेलाच राहतो. अशा दहापैकी आठ मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात आणि बदल त्या मुलात नव्यानंच झालेला असतो. तो कुणाच्या खाण्यापिण्यानं होत नाही. कॅल्शियम, प्रोटीन पावडर, अश्वगंधा यातलं काहीच त्या ब्रेकपर्यंत पोचत नाही.

त्यानं दिलेल्या औषधाच्या बाटलीत काय होतं? लेबल नव्हतं, पिवळसर भुकटी होती. दीड महिन्यात मुलाचा चेहरा गोल झाला, भूक वाढली, वजन वाढलं. घरच्यांना वाटलं, अंगाला लागतंय. अशा बिनलेबलच्या भुकटीत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि स्टिरॉइड जास्त काळ गेलं तर उंची उलट खुंटते. वाढलेलं वजन या मुलांच्या पाठीला आणि गुडघ्यांना आधीच नको असतं. भुकटी बरेच आठवडे पोटात गेली असेल तर मनानं एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, अचानक तोडल्यानं जिवावर बेतू शकतं. बाटली घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

पैशापेक्षा आम्हाला भीती वाटते ती “मान मोकळी करून देतो” म्हणणाऱ्यांची. कवटीच्या तळाशी मज्जारज्जू जिथून खाली उतरतो, ते छिद्र या मुलांत अरुंद असतं. पहिल्या दोन वर्षांत तिथला दाब श्वास थांबवू शकतो. मान ओढणं, बाळाला उलटं धरून झटका देणं, मालिशवाल्या बाईचं हवेत उडवणं, सगळं बंद. झोळीही नको, तिच्यात पाठ धनुष्यासारखी वाकते. पाठीचे स्नायू बळकट होईपर्यंत उशा लावून बसवू नका, वॉकर तर नकोच. झोपेत घोरणं, श्वास अडकणं, घाम येणं दिसलं तर झोपेची तपासणी आणि एमआरआयबद्दल विचारा. पैसे घालायचेच तर इथे घाला.

आता नवी टूम. “परदेशातलं औषध आलंय, त्याचीच पावडर.” व्होसोरिटाइड नावाचं औषध खरंच आहे. 2021 मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ते रोज कातडीखाली टोचायचं इंजेक्शन आहे, वाढपट्ट्या खुल्या असेपर्यंतच चालतं, अतिशय महाग आहे, आणि चाचणीत त्यानं वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर जादा दिले. हे कळलं की “सहा महिन्यांत सहा इंच” ऐकून हसूच येतं.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही एजंट भेटतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुजेपणाचा समावेश आहे, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरचा अर्ज फुकट आहे आणि तपासणी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात होते. मधल्या माणसाला द्यायचं काही कामच नाही.

फसला असाल तर: उंची वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930. जाहिरातीचं पत्रक, व्हॉट्सॲपवरचे निरोप, मापाची चिठ्ठी जपून ठेवा. आणि रागाच्या भरात बाटली मोरीत रिकामी करू नका. तळाला चमचाभर उरलं असेल तरी झाकण घट्ट लावून, तारीख लिहून ठेवा. तपासायला तेच लागतं.