एकच टाइप-सी पोर्टवाला टॅब, नऊ महिने वापरल्यानंतर

टॅब घेताना मी स्क्रीन बघितली, रॅम बघितली, पेन सोबत येतंय का ते बघितलं, पोर्ट किती आहेत हे बघितलंच नाही. म्हणजे दिसत होतं की खाली एक टाइप-सी आहे, पण डोक्यात होतं की एक आहे ना मग झालं, हब लावला की एकाचे पाच होतात. मेव्हणाही हेच म्हणाला आणि तो कॉम्प्युटरवाला, त्यामुळे विषय तिथेच संपला.

आधी वापर सांगतो म्हणजे बाकीचं कळेल. माझे नववी-दहावीचे गणिताचे क्लासेस आहेत, संध्याकाळी ५ ते ९, तीन बॅच. टॅबवर पेनने लिहायचं, ते प्रोजेक्टरवर दाखवायचं, सोबत आवाज रेकॉर्ड करायचा म्हणजे जी पोरं आली नाहीत त्यांना व्हिडिओ पाठवता येतो. ११ इंची अँड्रॉइड टॅब, ८ जीबी रॅम, मेमरी कार्डाची जागा आहे, हेडफोनची पिन नाही. २२ हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव घेत नाही कारण या किमतीत बहुतेक सगळ्यांचं असंच आहे.

पहिला धक्का प्रोजेक्टरने दिला. बाराशेचा हब आणला, त्यावर एचडीएमआय, दोन यूएसबी, कार्ड रीडर, चार्जिंग सगळं. एचडीएमआयची वायर लावली तर प्रोजेक्टर नुसता निळा. वायर बदलली, प्रोजेक्टर बदलला, दुकानात जाऊन भांडून हबसुद्धा बदलून आणला आणि शेवटी कळलं की चूक हबची नाहीच, टॅबच्या पोर्टातून व्हिडिओ बाहेर पडतच नाही. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय आत असावी लागते, ती नसेल तर हबवरचं एचडीएमआय म्हणजे हत्तीचे दाखवायचे दात. दुकानदाराची मग माफी मागितली बिचाऱ्याची.

टाइप-सीचा हा घोळ मला फार उशिरा कळला. सी हा फक्त भोकाचा आकार आहे. आत काय आहे ते आकारावरून काहीच कळत नाही. माझ्या टॅबचं स्पेसिफिकेशन परत उघडून बघितलं तर तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, यूएसबी २.०. म्हणजे भोक नव्या जमान्याचं आणि आतला वेग २००० साली आलेल्या स्टँडर्डचा, सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ मेगाबाइटच्या वर जात नाही, त्यामुळे ३२ जीबीचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकायचे तर मी लावून ठेवतो, आंघोळ करतो, चहा घेतो, तरी चालूच असतं. आणि हे फक्त स्वस्त मालातच होतं असंही नाही. अॅपलचा २०२२ चा दहाव्या पिढीचा आयपॅड घ्या, त्यालाही टाइप-सी दिला पण वेग तोच ४८०. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन मोबाइल-टॅबला टाइप-सी सक्तीचा झाला याचं मला फार कौतुक होतं, पण तो नियम चार्जिंगपुरता आहे, त्या भोकातून बाकी काय चाललं पाहिजे यावर तो काही बोलत नाही.

मग आता प्रोजेक्टरवर कसं दाखवतो? वायफायने. प्रोजेक्टरला डोंगल लावलाय, टॅबवरून कास्ट करतो. दहातले आठ दिवस छान चालतं. उरलेले दोन दिवस ऐन प्रमेयाच्या सिद्धतेत चित्र थिजतं, मी पुढे लिहित जातो आणि पोरं ओरडतात "सर अडकलंय". आणि लाईट गेली की प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालू राहतो पण राऊटर वरच्या मजल्यावर मालकांकडे, तो बंद, मग मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, दोन्हीकडे जोडा, तोपर्यंत बॅचची दहा मिनिटं गेली. वायर असती तर हे काहीच झालं नसतं. लोक म्हणतात आता सगळं वायरलेस आहे, पोर्ट कशाला पाहिजेत, त्यांनी एक दिवस माझ्या क्लासला येऊन बसावं.

आवाजाचंही तसंच. ब्लूटूथ इअरफोनच्या माइकवर रेकॉर्ड करून बघितलं, आवाज डब्यातून बोलल्यासारखा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की ते कॉलच्या मोडमध्ये जातं आणि क्वालिटी पाडून टाकतं. मग साधा वायरवाला कॉलर माइक काढला, तो ३.५ पिनचा, टॅबला पिन नाही. दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर आणला तो चाललाच नाही, कारण तो नुसत्या तारा जोडलेला होता आणि माझ्या टॅबला ज्याच्या आत छोटी चिप असते तो लागतो, तो साडेचारशेचा. तो मस्त चालतो, आवाज खणखणीत. पण आता कन्व्हर्टर पोर्टात, मग चार्जर कुठे?

इथे खरी गोची आहे. स्क्रीन फुल ब्राइट, वायफायवर कास्टिंग, रेकॉर्डिंग, असं तीन तास चाललं की तिसऱ्या बॅचला बॅटरी १५ टक्क्यांवर येते. म्हणजे चार्जिंग आणि माइक एकाच वेळी हवंच आहे. आधी घरात पडलेला जुना ओटीजी हब (नुसते पेनड्राइव्ह-माइक जोडायचा) लावला, त्यात माइक चालायचा पण चार्जिंग व्हायचं नाही, टॅबच उलट हबला करंट द्यायचा. मग तो बाराशेचा हब उपयोगी आला, त्याला पीडी चार्जिंग आहे, म्हणजे चार्जर हबला लावला की करंट टॅबपर्यंत पोचतो, त्यातून दोन्ही चालतं. फक्त एक खोड आहे, हबला चार्जर लावला किंवा काढला की सगळा हब क्षणभर बंद पडून परत चालू होतो, त्यात माइक तुटतो आणि रेकॉर्डिंग शांत. मला एकदा ४० मिनिटांचा मूकपट मिळाला, त्रिकोणमितीचा. आता नियमच केलाय की बॅच चालू असताना चार्जरला हात लावायचा नाही.

सहाव्या महिन्यात मात्र जे झालं ते मी धरूनच चाललो नव्हतो. टॅब स्टँडवर, खाली पोर्टातून हब लटकतोय, हबातून दोन वायरी. एका पोराचा पाय वायरीत अडकला. टॅब पडला नाही पण पोर्ट सैल झाला. त्या दिवसापासून वायर विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग, खाली वही लावून ठेवायचो. शेवटी रिपेअरवाल्याकडे दिला, चार्जिंग बोर्ड बदलायला १४०० रुपये आणि चार दिवस. त्या चार दिवसांत डोक्यात आलं की एकच पोर्ट म्हणजे पेनड्राइव्हही त्यावर, माइकही त्यावर आणि टॅबचा जीवही त्यावरच. लॅपटॉपची एक यूएसबी मेली तर दुसरी असते. इथे तो एक गेला की टॅब म्हणजे भाजी चिरायचा पाट.

आता मी एक वीतभर लांबीची एक्स्टेंशन वायर कायमची टॅबला लावून स्टँडच्या मागे टेपने चिकटवलीय, काढघाल सगळी तिच्या टोकाला. टाइप-सीची एक्स्टेंशन म्हणे मूळ नियमात बसत नाही, पण माझं काम चाललंय, झिजली तर दोनशेची वायर झिजेल.

मेमरी कार्डाच्या जागेबद्दल मात्र चांगलंच बोलणार. तो एक स्लॉट नसता तर मी टॅब कधीच विकला असता. रेकॉर्डिंग थेट कार्डावर, भरलं की काढून घरच्या लॅपटॉपला. झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला निघाला की टॅब वाचत नाही, ती कटकटही कार्डामुळे टळते. आणि ज्या लॅपटॉपला लावतो तो बायकोचा २०१४ चा आहे, तीन यूएसबी, एचडीएमआय, लॅन, हेडफोन, कार्ड रीडर, वीट आहे वीट, पण आजवर "हे कसं जोडायचं" असा प्रश्न त्याने पडू दिला नाही.

टॅबमध्ये जास्त पोर्टना जागाच नसते असं म्हणतात, ते मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टचा पहिला सरफेस प्रो २०१३ मध्ये आला त्याला मोठा (साधा पेनड्राइव्ह थेट बसतो तो) यूएसबी ३.० होता, सरफेस प्रो ७ ला मोठा यूएसबी आणि सी दोन्ही होते, २०२१ च्या प्रो ८ ला मोठा गेला तरी दोन सी ठेवले आणि चार्जिंगचा चुंबकवाला पोर्ट वेगळा. उलट २०१० चा पहिला आयपॅड, त्याला यूएसबीच नव्हता, कॅमेऱ्यातले फोटो घ्यायचे तर अडॅप्टरचं किट वेगळं विकत घ्या. सरफेस महाग आहेत, विंडोजवर चालतात, मान्य. पण दुसरा साधा सी पोर्ट द्यायला काही हजार लागतात असं मला तरी वाटत नाही.

मला एचडीएमआय टॅबमध्येच पाहिजे असंही नाही, ते हबावर चालेल, फक्त पोर्टातून व्हिडिओ निघाला पाहिजे. मोठा यूएसबी नसला तरी हरकत नाही, दोन तोंडांचे पेनड्राइव्ह मिळतात आता. पण दुसरा सी पोर्ट आणि हेडफोनची पिन, या दोन गोष्टी टॅबच्या अंगातच हव्यात, त्यासाठी तो दोन मिलिमीटर जाड झाला तरी चालेल. ज्याला झोपून सिनेमे बघायचेत त्याला यातलं काही लागणार नाही, त्याने माझावाला डोळे झाकून घ्यावा, स्क्रीन खरंच सुरेख आहे.

पाचपैकी तीन स्टार देतोय, त्यातला एक पूर्ण स्टार कार्डाच्या स्लॉटचा. जूनच्या आधी दुसरा बघणार आहे आणि या वेळी दुकानात जाताना हब, एचडीएमआयची वायर आणि कॉलर माइक पिशवीत घालून नेणार, तिथल्या टीव्हीला लावून दाखव म्हणणार. मेव्हण्याला नेणार नाही.